तालुक्याच्या सामन्यानंतर पुढे काय?

शाळा सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच तालुकास्तरीय शालेय क्रीडा स्पर्धांचे पत्रक येते. घाईघाईने संघ निवडला जातो, गणवेशाची जमवाजमव होते आणि सोनाळ्याची मुले गाडीत दाटीवाटीने बसून संग्रामपूरकडे निघतात. स्पर्धा बाद पद्धतीची असते. कबड्डीचा सामना अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. जिंकले तर दुसरा सामना, हरले तर डबे उघडून जेवायचे आणि परतीची वाट धरायची. पहिल्याच फेरीत हरलेल्या संघातल्या चांगल्या चढाईपटूला वर्षभरात खरा सामना मिळतो तो एवढाच. पुढे कपाशीची वेचणी, सहामाही, स्नेहसंमेलन. दहावी झाली की त्याचा खेळ सुटतो आणि तो किती चांगला होता हे गावाबाहेर कोणालाच कळत नाही.

शाळेच्या क्रीडाकार्यक्रमाचे मोजमाप तालुक्याला मिळालेल्या ढालीवरून होते, ते चुकीचे आहे. आठवीत संघात आलेला मुलगा किंवा मुलगी बारावीपर्यंत कुठे पोचली, कोणत्या निवड चाचणीला उतरली, कोणत्या प्रबोधिनीत किंवा महाविद्यालयात गेली, हे खरे मोजमाप. त्यासाठी शाळेने खेळाडूंकडून काय मागावे, पालकांनी काय सांभाळावे आणि पुढच्या निवडीची तयारी कशी करावी, हे सोनाळ्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाने नीट समजून घ्यायला हवे.

बुलढाणा जिल्ह्यात गुणवत्ता कमी आहे, असे म्हणायला जागा नाही. बुलढाण्याचा तिरंदाज प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला अंतिम फेरीत १४९-१४८ असे हरवले. श्लोसर त्या वेळी जगातला अव्वल कंपाउंड तिरंदाज होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २३५-२३० असे नमवून सुवर्णपदक घेतले. बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगडू इथल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचे सुवर्ण जिंकले. या दोघांच्या मागे प्रशिक्षक एकच, चंद्रकांत इलग. एका जिल्ह्याच्या ठिकाणी एक जाणता माणूस एका खेळाला वर्षानुवर्षे धरून बसला, त्याचे हे फळ.

दुसरे उदाहरण मुष्टियोद्धा अनंता चोपडे याचे. तोही बुलढाणा जिल्ह्यातला. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला आणि २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत त्याने ५२ किलो गटात सुवर्ण जिंकले. ज्या स्पर्धेत मेरी कोमने सुवर्ण घेतले, तीच ही स्पर्धा. अकोट ओलांडले की अकोला सोनाळ्यापासून काही फार लांब नाही. तरीही संग्रामपूर तालुक्यातल्या किती पालकांना त्या प्रबोधिनीची निवड चाचणी कधी होते हे ठाऊक असते?

आधी वाट कशी आहे ते पाहू. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, कुस्ती, मैदानी खेळ असे काही खेळ तालुक्यापासून सुरू होतात, काही थेट जिल्ह्यापासून. बुलढाण्यात जिंकलेला संघ अमरावती विभागाला जातो. राज्यात असे आठ क्रीडा विभाग आहेत. विभागातून राज्य आणि राज्यातून भारतीय शालेय खेळ महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा. सांघिक खेळात शाळेचा अख्खा संघ एकेक पायरी चढत राज्यापर्यंत जातो आणि महाराष्ट्राचा संघ मात्र खेळाडू निवडून बांधला जातो. म्हणजे दुबळ्या संघातला एखादा तरबेज खेळाडू या वाटेने सहसा वर जात नाही, कारण त्याचा संघच तालुक्यात बाद होतो.

अशा खेळाडूसाठी दुसरी वाट आहे, ती संघटनेची. कबड्डी आणि खो-खोच्या जिल्हा संघटना किशोर आणि कुमार गटांच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धांसाठी जिल्ह्याचा संघ निवडतात. तिथे खेळाडू एकेकटा पारखला जातो, त्याच्या शाळेचा निकाल विचारात घेतला जात नाही. क्रीडाशिक्षकाने जूनमध्येच जिल्हा संघटनेशी बोलून या निवडीच्या तारखा विचारून ठेवल्या आणि दरवर्षी दोघा-चौघांना तिथे नेले, तर तालुक्यात हरलेल्या संघातलाही मुलगा जिल्ह्याची जर्सी घालू शकतो. हे काम जवळजवळ फुकटात होते आणि तरीही फार थोड्या शाळा ते करतात.

फुटबॉलची वाट थोडी वेगळी. भारतीय हवाई दलाच्या पुढाकाराने १९६० पासून भरणारा सुब्रोतो चषक हा शाळांचा सर्वांत मानाचा फुटबॉल सामना. पहिले भारतीय हवाई दलप्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांच्या नावाने तो भरतो आणि जिल्ह्यापासून त्याच्या फेऱ्या होतात. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. त्याच संघात अमेरिकेत न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडे हा दुसरा मराठी मुलगा होता. एकाच्या घरी रिक्षा, दुसऱ्याचे घर परदेशात. पण दोघेही कोवळ्या वयातच निवडीच्या नजरेखाली आले होते.

आता शाळेने खेळाडूंकडून काय मागायचे, ते पाहू. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पालकांना बोलवावे आणि एका कागदावर अटी लिहून द्याव्यात. त्यावर मुलाची, पालकाची आणि मुख्याध्यापकांची सही असावी. कागद छोटा, साध्या मराठीत. सरावाला आठवड्यातून किमान चार दिवस हजेरी. वर्गातली हजेरी तितकीच गरजेची. वर्गाला दांडी मारणाऱ्याला त्या संध्याकाळी मैदान बंद. पंचांशी हुज्जत नाही. खर्रा, गुटखा, तंबाखू अजिबात नाही. विदर्भात खर्ऱ्याची पुडी आठवी-नववीतल्या मुलाच्या खिशातही सापडते, म्हणून ही अट ठळक अक्षरांत लिहावी आणि शिक्षकांनी आधी स्वतः पाळावी.

पालकांच्या बाजूनेही दोन अटी असाव्यात. शेतीच्या हंगामात मुलाला कामाला लावायचे असेल तर शिक्षकाला आधी सांगायचे, म्हणजे त्याच्यासाठी सकाळी सराव ठेवता येईल. वेचणीच्या दिवसांत घराला हातांची गरज असते, हे शाळेने मान्य केले पाहिजे. त्याकडे डोळेझाक करणारे वेळापत्रक ऑक्टोबरात कोलमडते. दुसरी अट अशी की सामन्याच्या वेळी मैदानाच्या कडेने ओरडून सूचना द्यायच्या नाहीत.

संघात कोण आहे आणि कोण नाही, ही यादी फळ्यावर लागण्यापूर्वी वगळलेल्या मुलाशी शिक्षकाने स्वतः बोलावे. काय कमी पडले आणि पुढच्या यादीपर्यंत काय करायचे, एवढे सांगितले तरी तो मुलगा सराव सोडत नाही. ज्याला काहीच सांगितले जात नाही, तो दुसऱ्या दिवसापासून येत नाही, आणि उशिरा वाढ होणारी बरीच मुले अशीच हातची जातात. तेराव्या वर्षी बुटका असलेला मुलगा सोळाव्या वर्षी संघातला सर्वांत उंच होऊ शकतो.

वर्षातून एकच सामना मिळण्याच्या दुखण्यावर उपाय गावोगावच्या शाळांच्याच हातात आहे. सोनाळा, टुनकी, बावनबीर, वरवट बकाल, पातुर्डा, संग्रामपूर ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत. या सहा गावांतल्या शाळांनी दिवाळीनंतर रविवारी सकाळी साखळी सामने ठेवले, तर प्रत्येक संघाला किमान पाच सामने मिळतील, परतीचे सामने घेतले तर दहा. ढाल नको, पाहुणे नकोत, मंडप नको. पंच म्हणून त्या दिवशी न खेळणाऱ्या शाळेचा शिक्षक उभा राहील. गुणपत्रक एका वहीत राहील. खेळाडूला खेळ येतो तो सामन्यातून. तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, चार जण उरलेत, वेळ संपत आलीय, हे भान हजार जोर-बैठका काढून येत नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत हरण्याच्या भीतीने शिक्षक बदली खेळाडूंना उतरवत नाहीत, साखळीत त्यांनाही संधी मिळते. आणि दहा सामन्यांची नोंद असलेली वही हाती असेल तर जिल्हा निवडीच्या वेळी शिक्षक आकड्यांनिशी बोलू शकतो: या मुलाने इतक्या चढाया केल्या, इतक्यांत गुण आणले, इतक्या वेळा पकडला गेला.

ही साखळी सुरू करायला सरकारी मंजुरीची वाट पाहायची गरज नाही. सहा मुख्याध्यापकांनी एकत्र बसायची गरज आहे.

निवड चाचणीत काय विचारले जाते, हे आधीपासून माहीत असते. तरी मुले तिथे पहिल्यांदाच त्या कसोट्या देतात. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांत उंची-वजनासोबत ३० मीटर धाव, ६ बाय १० मीटर शटल रन, उभ्याने लांब उडी, उभ्याने उंच उडी, मेडिसिन बॉल फेक, पुढे वाकून लवचिकतेची मोजणी आणि ८०० मीटर धाव अशा कसोट्या चालत आल्या आहेत. यातली जवळजवळ प्रत्येक कसोटी शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेषा, मोजपट्टी आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच यांवर घेता येते. जुलै, नोव्हेंबर आणि मार्च अशा तीन वेळा घेऊन नोंद ठेवावी. मोजण्याची पद्धत मात्र काटेकोर हवी. लांब उडीत रेषेच्या पुढच्या कडेपासून मागच्या टाचेच्या खुणेपर्यंत मोजायचे; उडी मारून मागे हात टेकला तर हाताच्या खुणेपर्यंत. शटल रनमध्ये रेषेपाशी वळताना शरीर खाली नेऊन एका पायावर जोर देऊन फिरायचे, हे शिकवले नाही तर धावायला वेगवान मुलगाही प्रत्येक वळणावर वेळ घालवतो. ८०० मीटरमध्ये गावाकडची मुले पहिले दोनशे मीटर जीव तोडून पळतात आणि शेवटच्या फेरीत चालू लागतात. दोन्ही फेऱ्यांची वेळ जवळपास सारखी ठेवायची सवय महिनाभरात लागते आणि तेवढ्यानेच वेळ चांगली सुधारते.

मातीचा प्रश्न वेगळा आहे. राज्य पातळीवर कबड्डी आणि खो-खो मॅटवर, पायांत बूट घालून खेळले जातात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषकही मॅटवरच झाला. त्यात भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. अनवाणी मातीवर वाढलेल्या मुलाला मॅट आणि बूट दोन्ही एकदम समोर आले की त्याच्या हालचाली बिथरतात. मॅट घेणे शाळेला परवडत नसेल तर जिल्ह्याच्या किंवा जवळच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलात मॅट आहे का हे विचारून निवडीआधी किमान काही दिवस तिथे सराव घ्यावा आणि बूट घालून धावण्याची सवय महिनाभर आधीच लावावी. पावसाळ्यात काळ्या मातीचे मैदान चिकट होऊन गुडघे-घोटे मुरगळतात; मुरमाची एक पट्टी तयार करून ठेवली तर धावणे आणि उड्या थांबत नाहीत.

दुखापत लपवणे हा गावाकडच्या खेळाडूंचा मोठा दोष आहे. संघातून काढतील या भीतीने मुलगा लंगडत खेळतो. मुरगळलेल्या घोट्याला पहिले दोन दिवस विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंचावर. चोळून घ्यायचे नाही. डोक्याला मार बसून गरगरत असेल, उलटी झाली असेल तर त्या दिवशी खेळ बंद आणि थेट ग्रामीण रुग्णालय.

खाण्यापिण्याबद्दल महागड्या पावडरींच्या जाहिराती मुलांच्या मोबाइलवर येतात. त्यांची गरज नाही. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, शेंगदाणे, मोड आलेली मटकी, अंडी, केळी, ताक हे या भागातल्या घरांत मिळते आणि वाढत्या वयाच्या खेळाडूला पुरते. खोट असते ती वेळेत. सकाळी उपाशीपोटी सराव, दुपारी शाळेची खिचडी आणि रात्री उशिरा जेवण, असा दिवस गेला तर अंगाला काही लागत नाही. सरावाआधी एक केळ किंवा गूळ-शेंगदाणे, सराव झाल्यावर तासाभरात पोटभर जेवण, एवढे सांभाळावे. पाण्याबाबत संग्रामपूर तालुक्याने जास्तच जपायला हवे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात क्षारयुक्त पाण्यामुळे मूत्रपिंडाच्या विकारांनी अनेक कुटुंबे पोळली आहेत. तिथून येणाऱ्या खेळाडूंसाठी शाळेने शुद्ध पाण्याची सोय करावी आणि मैदानावर दर वीस मिनिटांनी पाणी प्यायला लावावे. अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. त्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

मुलींचा संघ असेल तर शाळेची जबाबदारी वाढते. नववी-दहावीत मुली खेळ सोडतात, त्याची कारणे बहुतेक वेळा मैदानाबाहेरची असतात: कपडे बदलायला बंद खोली नाही, स्वच्छतागृह नाही, बाहेरगावी जाताना सोबत शिक्षिका नाही, सराव संपेपर्यंत परतीची एसटी निघून गेलेली. सरावाची वेळ एसटीच्या वेळेवरून ठरवली पाहिजे. राज्यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळते, आणि धावताना लवकर दम लागणाऱ्या मुलीला आळशी ठरवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोहाच्या निळ्या गोळ्या शाळेत दर आठवड्याला मिळतात. त्या जेवणानंतर खरोखर घेतल्या जातात का, याकडे क्रीडाशिक्षकाने लक्ष द्यावे. मुलींच्या संघासोबत शिक्षिका गेलीच पाहिजे. या बाबतीत सवलत नको.

वयाबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे. मोठ्या मुलाला लहान गटात घुसवून मिळालेली ढाल शाळेच्या कपाटात राहते, पण मुलाचे नुकसान कायमचे होते. आता वरच्या पातळीवर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासले जाते. सुब्रोतो चषकात अशा चाचणीवर खेळाडू आणि संघ बाद झाले आहेत. त्यामुळे जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या नोंदवहीतली जन्मतारीख एकच आहे का, हे पाचवीतच तपासावे. आडनावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव यांतला फरक तेव्हाच दुरुस्त होतो. निवडीच्या आदल्या रात्री तो होत नाही.

प्रत्येक खेळाडूची एक फाइल असावी. जन्मदाखल्याची आणि आधारची प्रत, बोनाफाइड, मागच्या वर्षीची गुणपत्रिका, छायाचित्रे, आरोग्य तपासणीचा कागद, तिन्ही वेळच्या कसोट्यांच्या नोंदी आणि प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र त्यात ठेवावे. प्रमाणपत्र हाती येताच नाव, तारीख, खेळ, वयोगट आणि क्रमांक वाचून घ्यावा. दहावी-बारावीच्या परीक्षेतले क्रीडा सवलतीचे गुण शाळेमार्फत प्रस्ताव गेल्याशिवाय मिळत नाहीत. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि ठरावीक पातळीवर ठरावीक कामगिरी लागते. शालेय स्पर्धेतला नुसता सहभाग त्याला पुरत नाही. ट्रॅम्पोलिन आणि टम्बलिंगच्या बनावट प्रमाणपत्रांचे प्रकरण राज्यात गाजल्यानंतर ही तपासणी आणखी कडक झाली आहे. पैसे देऊन प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवावे. त्याच्या नादी लागलेल्याची नोकरीही जाते आणि गुन्हाही दाखल होतो.

पुढची दारे कोणती? क्रीडा प्रबोधिनीत राहणे, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण शासनाकडून होते. भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रे मुंबईत कांदिवलीला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या साधारण ८ ते १४ वयाच्या मुलांना निवडतात, दहावीपर्यंत शिकवतात आणि पुढे सैन्यात भरतीची संधी देतात. पुण्याचे आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट याच परंपरेतले. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये खर्च करण्याची तरतूद आहे, त्यातले १ लाख २० हजार रुपये खेळाडूच्या हाती खर्चासाठी येतात. २०२४ पासून ९ ते १८ वयोगटातल्या मुलांसाठी ‘कीर्ती’ ही गुणवत्ताशोध मोहीम सुरू झाली आहे. फुटबॉलमध्ये जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून आणि नवी मुंबईची रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकादमी २०१५ पासून शिष्यवृत्तीवर निवासी प्रशिक्षण देते. यातली बरीच दारे चौदा-पंधराव्या वर्षापर्यंतच उघडी असतात. दहावीनंतर बघू म्हणणाऱ्या पालकाने हे ध्यानात घ्यावे.

खासगी अकादमीत घालताना चार गोष्टी पाहाव्यात: ती त्या खेळाच्या मान्यताप्राप्त संघटनेशी जोडलेली आहे का, प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र कोणते, वसतिगृहात मुले किती आणि त्यांची शाळा कुठे. निवड चाचणीसाठी हजारो रुपये मागणारी किंवा राष्ट्रीय संघात निवडीची हमी देणारी संस्था टाळावी. तशी हमी कोणीच देऊ शकत नाही. चाचणीला किंवा वसतिगृहात मुलाला एकटे सोडताना तिथल्या तक्रारीची व्यवस्था विचारावी, आणि लहान मुलांच्या संरक्षणाचा पॉक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे हे मुलालाही समजावून सांगावे.

एखाद्या क्लबला किंवा अकादमीला चित्रफीत पाठवायची असेल तर मोबाइल उंचावर, मैदानाच्या मध्यरेषेजवळ स्थिर ठेवून पूर्ण सामना टिपावा. गाणी आणि चमचमाट नको. सुरुवातीला नाव, जन्मतारीख, उंची, जर्सी क्रमांक. मग चार-पाच मिनिटांचे निवडक प्रसंग आणि सोबत पूर्ण सामन्याची चित्रफीत. निवडणाऱ्याला चेंडू नसताना मुलगा कुठे पळतो, चूक झाल्यावर काय करतो, हेही बघायचे असते.

अभ्यासाचा मुद्दा अनेक खेळाडूंची घरे हलक्यात घेतात. अमेरिकेत महाविद्यालये हायस्कूलच्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन नेतात, असे ऐकून आपल्याकडे हळहळ व्यक्त होते. तिथेही पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळासाठी हायस्कूलमध्ये ठरवून दिलेले १६ मुख्य अभ्यासक्रम आणि चारपैकी किमान २.३ गुणांची सरासरी लागते. मैदानावर कितीही चमकला तरी त्याखाली प्रवेश नाही. आपल्याकडे आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या. त्यालाही जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावेच लागते. दिल्ली विद्यापीठात क्रीडा कोट्यातून प्रवेश मिळतो. आणि घराजवळ बघायचे तर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठ संघ, तिथून आंतरविद्यापीठ आणि खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा अशी वाट आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. तिथून शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन क्रीडाशिक्षक होणे, हाही खेळाडूसाठी मानाचा आणि पोट भरणारा मार्ग आहे. राज्य संघापर्यंत न पोचलेल्या मुलांनी या वाटेचा विचार जरूर करावा. सोनाळ्याला चांगल्या खेळाडूंइतकीच चांगल्या प्रशिक्षकांचीही गरज आहे.

येत्या जूनमध्ये सोनाळ्यातल्या पालकांनी शाळेत जाऊन तीन प्रश्न विचारावेत: सरावाचे वेळापत्रक कुठे लावले आहे, माझ्या मुलाची फाइल आहे का आणि यंदा त्याला कोणकोणत्या निवड चाचण्यांना नेणार आहात. उत्तरे तयार नसतील तर शिक्षकावर रागावू नये. एकट्या माणसावर चार वर्गांचे तास आणि सगळे खेळ असतात. त्याच्यासोबत बसून वेळापत्रक लिहावे, रविवारच्या सामन्याला पंच किंवा गुणलेखक म्हणून उभे राहावे आणि चाचण्यांच्या तारखा तालुका क्रीडा अधिकाऱ्यांकडून किंवा बुलढाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून स्वतः विचारून आणाव्यात.